नंबर लागतच नाही तेव्हा : केराटोकोनस, कॉन्टॅक्ट लेन्स आणि नीट दिसणं

संकष्टीच्या रात्री गच्चीवर जाऊन चंद्र उगवला का ते बघायचं काम आमच्या घरी माझ्याकडे असायचं. आजी खाली ताट वाढून बसलेली, आणि मी वरून ओरडायचं, "दिसला गं!" विसाव्या वर्षाच्या आसपास मला एकाच्या जागी तीन-चार चंद्र दिसायला लागले. एकमेकांवर चढलेले, आणि खाली ओघळलेली एक पुसट शेपटी. एक डोळा झाकून पाहिलं तरी तेच. आजीला सांगितलं तर म्हणाली, "चार दिसत असतील तर चारदा हात जोड, पण लवकर खाली ये. सकाळपासून पोटात काही नाही."

पुढच्या दोन वर्षांत चार चष्मे झाले. दर वेळी दुकानातला माणूस काचा फिरवत विचारायचा, "हे बरं की हे?" आणि मी प्रामाणिकपणे सांगायची, "दोन्ही सारखंच वाईट." शेवटी एका डॉक्टरांनी डोळ्याचा रंगीत नकाशा काढला आणि आजाराचं नाव सांगितलं : केराटोकोनस.

तेव्हापासून वर्षातून दोन-तीन तरी फोन येतात. कुणाच्या भाच्याला निघालंय, कुणाच्या मुलीला. प्रश्न ठरलेले. चष्म्यानं का भागत नाही? एवढी महाग लेन्स कशाला? लेन्स घालूनही तो म्हणतो नीट दिसत नाही, नाटक करतोय का? मी डॉक्टर नाही. पंधरा वर्षं लेन्स घालणारी आणि दर भेटीत डॉक्टरांना प्रश्न विचारून पिडणारी पेशंट आहे. त्या सगळ्या फोनांची उत्तरं एकदा सलग लिहून काढते.

बिघडतं ते नेमकं काय?

डोळ्याच्या सगळ्यात पुढे, बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. ही काच नुसतं झाकण नाही, डोळ्यातली सगळ्यात ताकदवान लेन्स तीच आहे. डोळ्याची प्रकाश वाकवण्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर धरली, तर त्यातले सुमारे ४३ एकट्या कॉर्नियाचे. चष्म्याचा नंबर ज्या मापात मोजतात तेच हे माप. म्हणजे कॉर्नियाच्या आकारात थोडीशीही गडबड झाली तरी नजरेत मोठी गडबड.

मध्यभागी हा पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, वहीची पाच पानं एकावर एक ठेवावीत तेवढा. केराटोकोनसमध्ये तो एका जागी पातळ होत जातो, पाचाची चार पानं होतात, कधी त्याहून कमी, आणि आतल्या दाबानं ती कमकुवत जागा पुढे फुगते. गोल घुमटाचा बोथट शंकू होतो. फुगवटा बहुतेक वेळा मध्याच्या जरा खाली असतो, त्यामुळे पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी तळाशी फुगावी तसं चित्र दिसतं. अर्थात इथे दोष वजनाचा नाही. पिशवीच तिथे विरलेली असते.

लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये या आजाराचं तपशीलवार वर्णन केलं. म्हणजे आजार नवा नाही. नवं आहे ते आपल्याकडे तो वेळेत सापडणं, कारण कॉर्नियाचा नकाशा काढणारी यंत्रं आता जिल्ह्याच्या गावीही पोचली आहेत. या तपासणीला टोपोग्राफी म्हणतात. डोंगराच्या नकाशासारखीच ती असते : निळं म्हणजे सपाट, लाल म्हणजे चढ. माझ्या पहिल्या नकाशात खालच्या बाजूला लाल-केशरी डाग होता. डॉक्टरांनी काही बोलायच्या आधीच मला कळलं की हा डाग तिथे असायला नको होता.

चष्मा का पुरत नाही?

चष्म्याची काच दोनच गोष्टी दुरुस्त करते. सगळी प्रतिमा पुढे किंवा मागे सरकली असेल तर ती जागेवर आणते, तो साधा नंबर. आणि डोळा एका दिशेनं जास्त वाकलेला असेल, समजा क्रिकेटच्या चेंडूऐवजी रग्बीच्या चेंडूसारखा, तर तेवढा फरक भरून काढते, तो सिलिंड्रिकल नंबर. दोन्ही दोष नियमात बसणारे आहेत. दुकानातला तयार सदरा जसा मापानं लहान-मोठा मिळतो आणि फार तर बाह्या आखूड करून मिळतात, तसं. पण एकाच खांद्यावर उंचवटा असेल तर कुठलाच तयार सदरा नीट बसणार नाही.

केराटोकोनसचा डोळा तसा असतो. बाहुलीच्या वरच्या भागातून येणारा प्रकाश एका नंबरचा, खालच्या भागातून येणारा दुसऱ्याच नंबरचा. एकाच डोळ्यात दोन-चार नंबर शेजारी शेजारी. दुकानदार विचारतो "हे बरं की हे?", तेव्हा त्याची एक काच वरच्या भागाला जुळते आणि दुसरी खालच्या भागाला. पेशंट गोंधळतो तो यामुळे. त्याला उत्तर देता येत नाही यात त्याचा दोष नसतो.

या नियमात न बसणाऱ्या दोषांचं तांत्रिक नाव 'उच्च श्रेणीचे दृष्टिदोष'. त्यातला केराटोकोनसमधला मुख्य म्हणजे कोमा. धूमकेतूच्या शेपटीशी नातं सांगणारा शब्द आहे हा, बेशुद्धीशी त्याचा काही संबंध नाही. प्रकाशाचा ठिपका ठिपका न राहता एका बाजूला ओघळतो. माझ्या चंद्राची शेपटी ती हीच.

घरी करून बघण्याजोगी एक गोष्ट सांगते. पोस्टकार्डाला टाचणीनं भोक पाडा आणि त्यातून लांबची पाटी वाचा. केराटोकोनस असलेल्याला अचानक बरंच स्पष्ट दिसतं. भोकातून कॉर्नियाच्या एका छोट्याशा तुकड्यातूनच प्रकाश आत येतो, आणि तुकडा जितका छोटा तितका तो सपाट वागतो. डोळे बारीक करून बघायची सवय लागते ती याचसाठी. उलट रात्री बाहुली मोठी होते, वाकड्या कॉर्नियाचा मोठा भाग वापरात येतो, आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा दिवाळीतल्या भुईचक्रासारखा पसरतो. दिवसा ठीक गाडी चालवणारा मुलगा रात्री गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायला लागला, तर आळस समजू नका.

विहिरीत डोळे उघडून पाहिलंय?

लेन्स काम कशी करते हे समजायला एकदा विहिरीत उतरू या. ज्यांनी बुडी मारून पाण्याखाली डोळे उघडलेत त्यांना माहीत आहे, सगळं भुरकट होतं. पाणी कितीही नितळ असो. कारण प्रकाश वाकतो तो एका पदार्थातून वेगळ्या घनतेच्या पदार्थात शिरताना. कुठला पदार्थ प्रकाश किती वाकवतो याच्या मापाला वक्रीभवनांक म्हणतात : हवेचा जवळजवळ १, कॉर्नियाचा १.३७६, पाण्याचा १.३३ च्या आसपास. हवेतून कॉर्नियात शिरताना मोठी उडी असते, म्हणून प्रकाश भरपूर वाकतो. पाण्यातून शिरताना उडीच उरत नाही. विहिरीत कॉर्निया असून नसल्यासारखा होतो.

चांगल्या डोळ्यांच्या माणसाचं यात नुकसान. पण ज्याचा कॉर्नियाच वाकडा आहे त्याला तो 'नसल्यासारखा' झाला तर हवंच आहे की!

कडक कॉन्टॅक्ट लेन्स हेच करते. तिच्या आणि कॉर्नियाच्या मध्ये अश्रूंचा थर साचतो. अश्रूंचा वक्रीभवनांक १.३३६. हवा आणि कॉर्निया यांच्यातला फरक ०.३७६ होता, अश्रू आणि कॉर्निया यांच्यातला उरतो ०.०४. म्हणजे कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागावरच्या वाकडेपणाचा फक्त दहावा हिस्सा प्रकाशाला जाणवतो. नऊ हिस्से पाण्यात बुडाले. वर राहते ती लेन्सची गुळगुळीत, गोल, कारखान्यात घासलेली बाजू. पावसाळ्यात खड्डा पाण्यानं भरला की वरून रस्ता कसा सपाट दिसतो, तसं. रस्ता दुरुस्त झालेला नसतो, पण प्रकाशाला खड्डा लागत नाही.

थोडक्यात, दुरुस्ती करणारं खरं तर पाणी असतं. लेन्स ते पाणी धरून ठेवणारी वाटी.

मग रोजच्या सॉफ्ट लेन्स का चालत नाहीत?

वरचं कळलं असेल तर उत्तर तुम्हीच द्याल. सॉफ्ट लेन्स ओल्या रुमालासारखी असते. अंगठ्यावर टाकली तर अंगठ्याचा आकार घेते, शंकूवर टाकली तर शंकूचा. मध्ये पाणी साचायला जागाच उरत नाही आणि वरचा पृष्ठभाग होता तसाच वाकडा. सुरुवातीच्या, सौम्य आजारात सिलिंड्रिकल नंबरची किंवा खास जाड केलेली सॉफ्ट लेन्स भागवून नेते. पुढे नाही.

पुढच्या टप्प्यावर बहुतेकांना आधी आरजीपी लेन्स मिळते. कडक, पण प्राणवायू आत जाऊ देणारी, साधारण शर्टाच्या गुंडीएवढी. शंकूच्या आकारासाठी तिचे वेगळे घाट केलेले असतात. न्यूझीलंडच्या पॉल रोझ यांनी घडवलेली 'रोझ के' आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मिळते. ही लेन्स बसवणं हे शिंप्याचं काम आहे. डोळ्यात पिवळसर रंगाचा थेंब टाकून निळ्या दिव्याखाली बघतात. जिथे अश्रू साचलेत तिथे हिरवं चमकतं, जिथे लेन्स टेकते तिथे काळं दिसतं. शंकूच्या टोकाला ती हलकेच टेकावी, बाकीचं वजन बाजूंनी घ्यावं. लेन्स जास्त सपाट असली तर दर मिचकावणीला टोकावर घासते, आणि वर्षानुवर्षं घासलं की तिथे पांढरा व्रण उमटतो. तो व्रण कुठल्याच लेन्सनं पुसता येत नाही. म्हणून 'दिसतंय ना, मग बस' म्हणून तपासणी टाळू नका.

आरजीपीची अडचण धूळ. मार्च-एप्रिलमध्ये दुचाकीवर एक कण लेन्सखाली गेला की माणूस रस्त्याच्या कडेला गाडी लावून रडतो, अगदी शब्दशः. मी मुंबई नाक्याच्या सिग्नलला अशी तीनदा तरी रडले आहे. एकदा मागच्या रिक्षावाल्यानं पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, "ताई, जाऊ द्या, सगळं ठीक होईल."

ज्यांना ती टोचते त्यांच्यासाठी खाली सॉफ्ट आणि वर कडक अशी जोडगोळी लावतात, किंवा मध्ये कडक आणि कडेनं मऊ असलेली हायब्रिड लेन्स देतात. आणि मग येते स्क्लेरल.

स्क्लेरल : जुनीच कल्पना, नवा माल

स्क्लेरल लेन्स मोठी असते, १४ ते २० मिलिमीटरच्या घरात. ती कॉर्नियाला शिवतच नाही. पूल जसा दोन्ही काठांवर टेकतो आणि नदीवरून जातो, तशी ही डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि शंकूच्या वरून जाते. मधल्या पोकळीत सलाइन भरलेलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला संवेदना कमी, त्यामुळे एवढी मोठी असूनही ती छोट्या लेन्सपेक्षा कमी जाणवते. पेशंटला हे पटवणं कठीण जातं. माझी पहिली प्रतिक्रिया होती, "एवढी बशी माझ्या डोळ्यात?"

गंमत म्हणजे जगातल्या पहिल्यावहिल्या कॉन्टॅक्ट लेन्स अशाच होत्या. झुरिचमध्ये अडॉल्फ फिक यांनी १८८८ मध्ये काचेचे पातळ टोपण डोळ्यावर बसवल्याचं प्रसिद्ध केलं, आत द्राक्षशर्करेचं पाणी भरून. त्याच वर्षी पॅरिसमध्ये यूजीन काल्ट केराटोकोनसच्या पेशंटवर काचेची टोपणं वापरत होते. कॉन्टॅक्ट लेन्सचा जन्म फॅशनसाठी झाला नाही, तो आमच्यासारख्यांसाठी झाला, हे मला फार उशिरा कळलं आणि उगाच अभिमान वाटला. काचेतून प्राणवायू जात नसल्यानं ती टोपणं काही तासांपलीकडे सोसत नसत. मग प्लास्टिक आलं, त्यातूनही जात नव्हता. प्राणवायू पार होणारं कडक साहित्य आल्यावरच ही मोठी लेन्स दिवसभर घालण्याजोगी झाली. शंभर वर्षं कल्पना तयार होती, माल तयार नव्हता.

आता एक सकाळ दाखवते. हात साबणानं धुऊन, कोरडे करून, टेबलावर स्वच्छ कापड. रबरी सकरवर लेन्स वाटीसारखी ठेवायची आणि बिनप्रिझर्वेटिव्हचं सलाइन काठोकाठ भरायचं, इतकं की पाण्याला वर फुगवटा यावा. हनुवटी छातीला टेकवून चेहरा जमिनीला समांतर करायचा. नमस्काराला वाकल्यासारखं. एका हातानं दोन्ही पापण्या फाकवायच्या आणि सरळ खाली, वाटीत बघत वाटी वर आणायची. पाणी डोळ्याला लागलं की मन मागे हटतं, तेव्हाच पुढे जायचं. लेन्स बसली की आरशात बघायचं. गवंड्याच्या लेव्हलमध्ये असतो तसा बुडबुडा दिसला तर सगळं पुन्हा. पहिल्या आठवड्यात एका डोळ्याला मला चाळीस मिनिटं लागायची. आता दोन्ही मिळून चार.

दुपारी दोन-तीनच्या सुमारास बऱ्याच जणांना धुकं दाटल्यासारखं होतं. पोकळीतल्या सलाइनमध्ये डोळ्यातले कण साचतात. लेन्स काढायची, धुवायची, नवं सलाइन भरून परत घालायची. ऑफिसच्या बाथरूममध्ये हा विधी चालू असताना कुणी आलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. काजळ मात्र सुटलं. घालून बघितलं, काजळच पोकळीत जाऊन बसलं.

पाण्याबद्दल एकच गोष्ट, पण पक्की. नळाचं, फिल्टरचं, बाटलीतलं, कुठलंही साधं पाणी लेन्सला लावायचं नाही. साध्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि तो कॉर्नियात शिरला तर महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. लेन्स घालून झोपायचं नाही, पोहायचं नाही. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना, तर लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

"६/६ आलंय ना, मग तक्रार कसली?"

हा प्रश्न घरचे विचारतात, मित्र विचारतात, आणि कधीकधी घाईत असलेले डॉक्टरही.

६/६ म्हणजे सामान्य नजरेला सहा मीटरवरून जेवढं बारीक अक्षर वाचता येतं तेवढं तुम्हाला वाचता आलं. बस. ते अक्षर काळंकुळकुळीत असतं, मागे उजळ पांढरं, खोली अंधारी, आणि विचार करायला हवा तेवढा वेळ. पेशंट डोळे बारीक करतो, मान तिरकी करतो, सावल्यांमधून अक्षर ओढून काढतो आणि म्हणतो "ई". बरोबर! पण ती ई एकटी होती की तिच्या मागे दोन भुतं उभी होती, हे तक्त्यावर कुठेच नोंदलं जात नाही.

आयुष्य काळं-पांढरं नसतं. पावसाळी संध्याकाळी राखाडी रस्त्यावरचा राखाडी गतिरोधक. औषधाच्या चंदेरी पट्टीवर उमटवलेली तारीख. देवळाच्या दगडी पायऱ्यांची कड. वर्गात फळ्यावर खडू नीट न उठलेला. इथे लागतो तो कॉन्ट्रास्ट, म्हणजे जवळजवळ सारख्या छटांमधला फरक ओळखण्याची ताकद. केराटोकोनसमध्ये तक्त्यावरची ओळ वाचता येत असतानाही ही ताकद कमी असू शकते. नजरेचा दर्जा म्हणतात तो हा : किती बारीक दिसतं यापेक्षा किती स्वच्छ दिसतं.

अमेरिकी बास्केटबॉलपटू स्टीफन करी यांनी २०१९ मध्ये सांगितलं की त्यांना केराटोकोनस आहे आणि त्यांनी नुकतीच कॉन्टॅक्ट लेन्स घालायला सुरुवात केली आहे. तोवर ते अंधुक नजरेनंच लांबून बास्केट करत आले होते. म्हणजे मेंदू किती सांभाळून घेतो बघा. तो सांभाळून घेतो म्हणूनच आपल्याला कमी दिसतंय हे आपल्याला उशिरा कळतं.

मग चांगली लेन्स घातल्यावर दर्जा पूर्ण परत येतो का? बराच येतो. पूर्ण नाही. कारणं तीन, आणि पहिलं मला सगळ्यात रंजक वाटतं.

कॉर्नियाला मागची बाजूही असते आणि शंकू झाला की तीही वाकते. एरवी पुढच्या बाजूचा दोष इतका मोठा असतो की मागचा जाणवत नाही, शिवाय तो उलट दिशेचा असल्यानं पुढच्याला थोडा कापतोच. लेन्सनं पुढची बाजू पाण्यात बुडवली आणि मागची उघडी पडली. घरात टीव्ही मोठ्यानं चालू असेपर्यंत गळक्या नळाची टिपटिप ऐकू येत नाही. टीव्ही बंद केला की ऐकू येते. म्हणून लेन्स घातल्यावर उरणारी शेपटी लहान असते, पण बहुधा उलट्या दिशेला.

दुसरं, लेन्स जागेवर राहत नाही. आरजीपी दर मिचकावणीला वर जाते, खाली घसरते, आणि तिच्याबरोबर चित्रही हलतं. स्क्लेरल त्या मानानं स्थिर बसते. या स्थिरपणाचा फायदा घेऊन आता प्रत्येक डोळ्याचे उरलेले दोष मोजून त्यांच्या उलट आकार लेन्सच्या पुढच्या बाजूवर कोरायचे प्रयत्न झाले आहेत आणि त्यांनी नजर आणखी सुधारते. अशा लेन्स अजून मोजक्या ठिकाणी मिळतात आणि खर्चही मोठा.

तिसरं कारण मेंदूचं. प्रयोगशाळेत आरशांच्या साहाय्यानं केराटोकोनसच्या डोळ्यातले सगळे प्रकाशीय दोष पुसून पाहिले, तरी त्या लोकांना निरोगी डोळ्यांच्या लोकांइतकं चांगलं दिसलं नाही. वर्षानुवर्षं अंधुक चित्र वाचायला शिकलेला मेंदू कोरं चित्र मिळालं तरी लगेच ते तसं वाचत नाही. तेव्हा नव्या लेन्सला आठ दिवसांत नावं ठेवू नका. आणि लहान मुलांच्या बाबतीत उशीर तर अजिबात करू नका.

"लेन्स घातली की आजार थांबेल ना?"

नाही. लेन्स दाखवते, थांबवत नाही. कडक लेन्सनं दाबून शंकू बसतो हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे.

थांबवण्यासाठी आहे क्रॉसलिंकिंग. कॉर्निया कोलॅजेनच्या धाग्यांनी विणलेला असतो. जुन्या बाजेची सुंभ ढिली पडली की बाज मध्ये खोल जाते, मग आडव्या-उभ्या सुंभांना जादा गाठी मारून ती ताठ करतात. क्रॉसलिंकिंग म्हणजे त्या गाठी. जर्मनीत ड्रेस्डेनच्या गटानं २००३ मध्ये पेशंटवरचे निकाल प्रसिद्ध केले. मूळ पद्धतीत कॉर्नियाची वरची साय काढतात, रायबोफ्लेविनचे म्हणजे ब२ जीवनसत्त्वाचे थेंब मुरवतात आणि ३० मिनिटं अतिनील किरण देतात. किरण आत खोल जाऊन इजा करू नयेत म्हणून कॉर्निया साधारण ४०० मायक्रॉन, म्हणजे आपली ती चार पानं, शिल्लक असावा लागतो. म्हणून उशीर महागात पडतो. पहिले तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो. माझ्या डाव्या डोळ्याचं झालं तेव्हा पडदे ओढलेल्या खोलीत मी रेडिओ ऐकत पडले होते.

क्रॉसलिंकिंगनंतर काहींचा शंकू थोडा सपाट होतो, पण त्यानं नजर लखलखीत होईल ही आशा ठेवू नये. गाठी मारल्यावर बाज ताठ झाली, नवी झाली नाही. लेन्स लागतेच. अनेक घरांत इथेच भांडण होतं : एवढे पैसे भरले, मग पुन्हा लेन्स कशाला? दोन्ही कामं वेगळी आहेत.

आणि डोळे चोळणं बंद. ऍलर्जीनं खाज येते, पोर मुठीनं कचाकचा डोळे चोळतं, आणि आपण म्हणतो झोप आली असेल. केराटोकोनसशी सगळ्यात पक्कं जोडलेलं आणि आपल्या हातात असलेलं कारण हेच. खाजेवर औषध आहे, ते घ्यावं.

"त्यापेक्षा लेसर करा, नाहीतर डोळाच बदला"

चष्मा घालवणारं लेसर केराटोकोनसमध्ये करत नाहीत. त्यात कॉर्निया आणखी पातळ करतात, आणि इथे रडं पातळपणाचंच आहे. लेसरआधी टोपोग्राफी करतात ती मुख्यतः लपलेला केराटोकोनस पकडायला. अशी तपासणी न करता कुणी तारीख देत असेल तर उठून यावं.

कॉर्नियाच्या आत अर्धवर्तुळाकार तुकडे बसवून शंकू सपाट करण्याची शस्त्रक्रिया आहे. आधी हे तुकडे प्लास्टिकचे असत. चेन्नईच्या डॉ. सुसान जेकब यांनी दात्याच्या कॉर्नियाच्याच पट्ट्या वापरायची पद्धत आणली. निवडक डोळ्यांना उपयोग होतो, नंतर लेन्सही सोपी बसते.

नेत्ररोपण, म्हणजे दात्याचा कॉर्निया बसवणं, हा शेवटचा मार्ग. व्रण मोठा असेल, लेन्स बसतच नसेल तर. आता शक्य असेल तिथे आतला स्वतःचा थर ठेवून वरचेच थर बदलतात, त्यामुळे शरीरानं नाकारण्याचा धोका घटतो. पण टाके, महिनोन्‌महिने थेंब, आणि शेवटी उरणारा वेडावाकडा सिलिंड्रिकल नंबर. रोपणानंतरही चांगलं दिसायला कडक लेन्स घालणारे कितीतरी आहेत. स्क्लेरलला कंटाळून ऑपरेशन करायचं म्हणणाऱ्यांना मी हे आधी सांगते.

हा आजार खरंच एवढा आहे का?

कुणाला विचारता यावर अवलंबून. पूर्वी अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या नोंदींवरून लाखात ५४-५५ असा आकडा पुस्तकांत होता. २००९ मध्ये नागपूरजवळच्या खेड्यांमधल्या पाहणीचा निकाल आला : तिशीपुढच्या साडेचार हजारांहून जास्त लोकांत २.३ टक्के. शंभरात दोन! पण तिथे कॉर्नियाची वक्रता ४८ डायॉप्टर किंवा जास्त असली की केराटोकोनस धरला होता, नकाशा काढला नव्हता. ज्यांचा कॉर्निया मुळातच जास्त गोल आहे असे काही निरोगी लोकही त्यात मोजले गेले असणार. मी तो आकडा जसाच्या तसा घेत नाही. पण लाखात पन्नास हाही आपल्याकडचा आकडा नाही, एवढं मला दिसतं. टोपोग्राफीच्या रांगेत बसलं की दिसतं.

लेन्स बसवायला जाताना

आरजीपीपेक्षा स्क्लेरल बरीच महाग, एका डोळ्याची किंमत चांगल्या मोबाइलच्या घरात जाते, आणि काही वर्षांनी बदलावी लागते. सगळ्यांना स्क्लेरलच लागते असंही नाही. आरजीपी नीट बसत असेल, टोचत नसेल, शंकूला घासत नसेल तर ती बदलू नका. पहिल्या भेटीत लेन्स जुळेल ही अपेक्षाही सोडा. माझी उजवी तिसऱ्या फेरीत बसली.

आणि डॉक्टरांना नुसतं "नीट दिसत नाही" म्हणू नका. काय दिसतं ते दाखवा. रात्री लांबचा एकच दिवा एका डोळ्यानं बघा, आधी डावा, मग उजवा, आणि दिसेल तसं कागदावर काढा. शेपटी कुठल्या बाजूला, किती लांब, सावल्या किती. माझ्या ऑप्टोमेट्रिस्ट मॅडमनी ही सवय लावली. त्या चित्रावरून लेन्स खाली घसरतेय की आत धुकं साचतंय, याचा त्यांना अंदाज येतो.

माझ्या फाइलमध्ये अशी अकरा चित्रं आहेत. पहिल्यात चार चंद्र आणि खाली ओघळलेली शेपटी. अकरावं गेल्या संकष्टीचं. एक चंद्र, काठ धारदार, आणि वरच्या बाजूला, अगदी लक्ष देऊन पाहिलं तरच कळेल असा, फिकट अर्धा.